धूर राहिला त्याची बखर

॥ श्रीधूम्रवर्ण प्रसन्न ॥

श्रीधूम्रवर्ण गजानन, जो धुराचा वर्ण अंगी वागवितो आणि धुरात हरवत नाही, त्यास साष्टांग दंडवत करून, राज्यारोहण शके सत्तावीस, विकारीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमीस ही हकीकत लिहावयास घेतली. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यास ठाऊक आहे त्यास सांगावयाचे कारण नाही, आणि ज्यास ठाऊक नाही त्याने आपल्याच गावचे नाव घालून वाचावे, फारसा फरक पडणार नाही. ते राज्य डोंगरांच्या कढईत वसले होते. चहूंकडे कडे, येण्याजाण्यास एक खिंड, आणि वारा म्हणावा तो वर्षातून पंधरा दिवस, फाल्गुनात, तेवढाच वाहे. बाकी साल जे कढईत पडले ते कढईतच राही. आणि राज्यात गाड्या बहुत. मालट्रक, बसगाड्या, रिक्षा, दुचाक्या, ज्याचे घरी चूल एक त्याचे दारी गाड्या दोन. मग धूर काय सांगावा! भर दुपारी दिवे लावून गाड्या हाकाव्या लागत, आणि नवरदेव पांढरा फेटा बांधून घरून निघे तो मांडवात राखी फेट्याने पोचे, आणि डोंगर म्हणून काही आहेत हे पोरांस म्हाताऱ्यांच्या बोलण्यावरूनच ठाऊक. महाराजांस अपत्य एकच, कन्या मैनाबाईसाहेब, वय तेव्हा वर्षे सहा. राणीसाहेब बाळंतपणात वारल्या होत्या, तेव्हा महाराजांचा जीव काय तो त्या लेकीत, आणि लेकीस दमा. तीन पायऱ्या चढाव्या आणि चौथीवर बसावे. छातीत शिट्टी वाजे ती सदरेपर्यंत ऐकू येई, आणि ती वाजू लागली म्हणजे महाराज बोलता बोलता थांबत, आणि सारी सदर थांबे. दिवाण नारोपंत हुशार, त्यांनी हुकूम काढिला की, अर्ध्या गाड्या सम तिथीस चालवाव्या, अर्ध्या विषम तिथीस; मग लोकांनी काय केले, प्रत्येकाने एक समेची आणि एक विषमेची अशा दोन गाड्या घेतल्या. धूर होता त्याहून वाढला.

मग शके पंचवीस, आश्विन मासी, खिंडीतून एक व्यापारी आला. मनुष्य साधा, चष्मा लावणारा, बोलण्यात गोडवा नाही, अंगात पांढरा सदरा, आणि अवघे शहर ओलांडून आला तरी तो सदरा पांढराच. हे तेव्हाच कोणाच्या ध्यानी यावयास पाहिजे होते, आले नाही. त्याजपाशी पत्र्याचे डबे, डब्यात अर्क, रंगाने मधासारखा. तो महाराजांस विनंती करिता जाहाला की, "महाराज, धूर म्हणजे दुसरे काही नव्हे, न जळालेले तेल. इंजिनात काजळी बसते, तेल अर्धे जळते, अर्धे धूर होऊन जाते. हा अर्क चाळीस लिटरास एक टोपण घालावा. काजळी झडते, तेल पुरते जळते. मग धूर नाही, आणि जे धुरावारी वाया जात होते तेच चाकास लागते." महाराजांनी फर्माविले की राज्यात सर्वांत वाईट धूर ज्याचा तो ट्रक आणावा. तो ट्रक सुभानजी गाडीवानाचा, हे शोधावयास शिपाई धाडावा लागला नाही, दिवाणखान्यातूनच दिसत होते. सुभानजी तीस वर्षांचा मुरलेला गाडीवान, हात जोडून म्हणाला, "सरकार, माजी गाडी धूर सोडती म्हून तर मागचा लांब ऱ्हातो. धूर काढला तर अंगावर येतील की समदे." सदर हसली. मग टाकीत अर्क पडला, ट्रक सुरू जाहाला, घटकाभर गुरगुरला, आणि दिवाण नारोपंतांनी आपले पांढरेशुभ्र उपरणे सायलेन्सरास लाविले. उपरणे जसे लाविले तसे काढिले, पांढरेच. दिवाणांनी ते हुंगून देखील पाहिले, आणि धूर तपासावयास नेमलेला धूरपारखी होता त्याने तर डोळेच पुसले. तेव्हा महाराज पुसते जाहाले, "धूर गेला कोठे?" व्यापारी म्हणाला, "गेला नाही, महाराज. जावयाचा राहिला. जे बाहेर जात होते ते आता आतच राहून कामास लागते." सर्वांनी माना डोलाविल्या. वाजवी भाव ठरला, डबे उतरले, कृती लेहून घेतली, आणि व्यापारी पुढील राज्यास गेला. त्याजवर आम्ही दोष ठेवीत नाही. माल सांगितला तसा निघाला, आणि डब्यावर बारीक अक्षरात ओळ होती की, 'इंजिनाखेरीज अन्य आगीस लावू नये.' ती ओळ वाचणारा राज्यात एकही निघाला नाही. सेवक हे लिहितो तोही त्या दिवशी डब्यावरील चित्रच पाहत होता.

मग खिंडीच्या नाक्यावर हुकूम बसला की, जो टँकर आत येईल त्यात अर्क पडल्याशिवाय सोडू नये. धूरपारख्याने जुन्या, बिनअर्काच्या डिझेलचे एक पिंप मोहर करून वाड्यात नमुन्यास ठेविले, बाकी दरोबस्त तेल अर्काचे जाहाले. आणि दिवाळीच्या पाडव्यास राज्यातील लोक उठून पाहतात तो सभोवार डोंगर उभे! म्हातारे रडले, पोरे भ्याली. डिझेल लिटरामागे दीड कोस अधिक जाऊ लागले, गाडीवान ॲव्हरेज सांगताना मिशीस पीळ देऊ लागले. आणि मैनाबाईसाहेब वाड्याच्या साठ पायऱ्या एका दमात चढून गच्चीवर गेल्या आणि वरून ओरडल्या, "आबा, मी आले!" महाराज खाली उभे होते. त्यांनी भिंतीस हात लाविला आणि तसेच उभे राहिले. आम्ही त्यांस त्याआधी आणि त्यानंतर इतके सुखात कधी पाहिले नाही, आणि त्या दिवसासाठी कोणी अर्कास नावे ठेवील तर आम्ही ऐकून घेणार नाही.

पौष मासी सुभानजी वारला. मालाची खेप उतरवून, गाडी अंगणात लावून, स्टिअरिंगवर मान टाकिली ती टाकिली. आता गाडीवानांच्या जमातीत रीत ऐशी की, ज्याची गाडी त्याचे तेल. मेलेल्याच्या टाकीतून एक तांब्या डिझेल काढून त्याच्या चितेवर ओतावे, मग अग्नी द्यावा, मग काळा धूर उठे, वर चढे, कड्यापाशी वळे, आणि तो कडा ओलांडून गेला म्हणजे जमातीतील वडील मनुष्य हाक देई, "गाडी सुटली!" तोवर कोणी पाठ फिरवावयाची नाही आणि पाणी प्यावयाचे नाही. वडील मनुष्य तेव्हा तुळाजीबाबा, वय ऐशी, ज्याने शेकड्यांनी गाड्या सोडिल्या होत्या. सुभानजीची चिता सकाळी पेटली, आणि जाळ उठला तो काचेसारखा स्वच्छ. लाकूड जळते आहे, मनुष्य जळतो आहे, आणि वर धुराचा एक दोरा देखील नाही. नुसती हवा थरथरते आहे. बायामाणसे म्हणाली, किती बरे, डोळ्यांस पाणी नाही. तुळाजीबाबा कपाळावर हात धरून आभाळ पाहत उभा राहिला. दुपार जाहाली, तिसरा प्रहर टळला, चितेची पांढरी राख जाहाली, लोकांच्या घशास कोरड पडली. मग कोणी म्हणाला, "बाबा, म्हणा की आता." तुळाजीबाबा म्हणाला, "धूरच न्हाई तर म्हनू कशावर?" लोक म्हणाले, "अहो, राज्यातच धूर न्हाई आता, सुधारणा झाली. तेवढ्यासाठी का हितंच बसायचं?" तेव्हा तुळाजीबाबाने मान खाली घातली आणि, कोणास ऐकू जाईल न जाईल ऐशा आवाजाने, "गाडी सुटली" म्हटले. हे त्या राज्यात पहिले खोटे सुटणे. लोक पाणी प्याले आणि घरोघर गेले.

सुभानजीची बायको साळूबाई. चौथ्या दिवशी सकाळी ती अंगण झाडावयास आली तो ट्रकाचे बॉनेट हातास ऊन लागले. चार दिवस गाडी कोणी हलविली नव्हती. तिने वर पाहिले तो सुभानजी आपल्या जागी बसला आहे, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर रस्त्यावर. अंगावर जखम नाही, रूप भयंकर नाही, गेल्या आठवड्यात बसला होता तसाच. तो म्हणाला, "साळे, मागं कोन न्हाई न्हवं? निघू का?" तीस वर्षे रोज सकाळी तो हेच विचारी आणि ती मागे पाहून उत्तर देई, तेव्हा भ्यावयाच्या आधीच तिच्या तोंडून सवयीने गेले, "कोन न्हाई. निघा." पण तो निघाला नाही. थोड्या वेळाने पुन्हा त्याच आवाजात म्हणाला, "निघू का?" मग झाडू तिच्या हातून पडली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिचा दीर केरबा, त्याने ट्रक खेपेस नेला. तो सांगत आला की, वळण येण्याआधीच स्टिअरिंग वळते, आणि सारा घाट चढून गेलो तरी टाकीचा काटा हलत नाही. आधी खुशीत होता. मग पंधरा दिवसांनी ट्रक वहिनीच्या अंगणात लावून दिला आणि भाजीची गाडी हातांनी ढकलू लागला, विचारिले तर म्हणे, "दादाच्या मांडीवर बसून किती दिस गाडी चालवू?"

आणि गाडीवानांची रीत होती ती एव्हाना सर्वांनी उचलली होती, कारण मोठेपणा कोणास नको? सावकार वारला तर त्याच्या मोटारीतील तांब्याभर, मास्तर वारले तर त्यांच्या दुचाकीतील वाटीभर, तेल चितेवर पडे, आणि चिता निर्धूर जळे, आणि चौथ्या दिवशी मेलेला आपल्या गाडीत येऊन बसे. ज्यांच्या गाड्या विकल्या ते बसगाड्यांतून दिसू लागले. दिसू लागले हेही खरे नव्हे. बस रिकामी, तिकीट एक फाडिले नाही, आणि कंडक्टरास आत शिरावयास जागा होईना. तो सवयीने "पुढे सरका, पुढे सरका" म्हणे, आणि काहीतरी सरके. ते कोणास धरीत नसत, कोणास पछाडीत नसत, काही मागत नसत. नुसते बसून असत, तोंड समोर करून, जैसे फाटक उघडावयाची वाट पाहावी. नारोपंतांनी चौकशी करविली आणि दप्तरी नोंद केली की, ज्या गाडीत मेलेला आहे तिचे ॲव्हरेज इतरांहून तिसरा हिस्सा अधिक पडते, सबब मृतांचा राज्यास उपयोगच होतो आहे. आम्हीच ती नोंद लिहिली. 

साळूबाईने सर्व उपाय करून पाहिले. दहाव्यास कावळा शिवला नव्हता, तेव्हा तिने अस्थी पाण्यात सोडिल्या नव्हत्या, मडक्यात ठेविल्या होत्या. त्यांवर ओली लाकडे जाळिली, शेण्या जाळिल्या, मूठभर मिरच्या टाकिल्या. ठसका देखील आला नाही. अर्क राखेत मुरला होता, तिला जे लागे ते स्वच्छ जळे. तेव्हा ती तुळाजीबाबाकडे गेली. तो म्हणाला, "तेलानं अडवलंय, पोरी, तेलच सोडवील. बिनअर्काचं तेल पायजे. तांब्याभर. अस्थीवर वतून पेटवायचं, धूर निघंल, त्यो त्याच्यासंगं जाईल." मग म्हणाला, "मी त्या दिशी खोटं बोललो. घसा सुकला हुता म्हून बोललो." आणि म्हातारा रडला.

टँकर एव्हाना खिंडीपलीकडूनच अर्क पडून येत, तेव्हा बिनअर्काचे तेल राज्यात एकच पिंप. शके सव्वीस, कार्तिक मासी, साळूबाई सदरेस आली, तिजबरोबर आणखी एकशे एकोणचाळीस घरची माणसे, प्रत्येकाचे हाती मडके. महाराज गादीवर, शेजारी मैनाबाईसाहेब कुरमुरे खात बसल्या होत्या. साळूबाई म्हणाली, "सरकार, तीस वर्सं त्यानं गाडी हाकली. कदी रजा घेतली न्हाई, कदी कुनाला धडक दिली न्हाई. आता मेला तरी ड्यूटी सुटंना. समदे म्हनत्यात, साळे, तुजा धनी घरीच हाय, नशीबवान हायेस. पर तो घरी न्हाई, सरकार. तो वाटंवर हाय. मला तांब्याभर तेल द्या." मैनाबाईसाहेबांनी कुरमुरे खाणे थांबवून विचारिले, "त्यांना गाडीत भूक नाही का लागत?" साळूबाई म्हणाली, "न्हाई, बाईसाहेब. त्येंला फकस्त निघायचं असतंय." महाराजांचे मन द्रवले, हे आम्ही समोर बसून पाहिले. पण राजवैद्य पुढे होऊन बोलले की, वारा नाही, एकशे चाळीस मडक्यांचा धूर या कढईत महिनाभर राहील, आणि बाईसाहेबांची छाती तो दिवस देखील काढणार नाही. तेव्हा महाराज गादीवरून खाली उतरले आणि साळूबाईस म्हणाले, "बाई, फाल्गुनात वारा सुटेल. त्या दिवशी मी स्वतः पिंप फोडून देतो. तोवर थांबाल?" राजाने रयतेस ऐसे पुसावे ही नवलाची गोष्ट. साळूबाईने मैनाबाईसाहेबांकडे पाहिले, त्यांच्या ओठांस कुरमुऱ्याचे मीठ लागले होते. म्हणाली, "थांबतो, सरकार. लेकरू हाय." मग ती मडके घेऊन घरी गेली, आणि बाकीचेही गेले. एकानेही कुरकूर केली नाही.

माघ मासी मैनाबाईसाहेबांस ताप आला आणि तीन दिवसांत त्या गेल्या. दम्याने नव्हे, धुराने नव्हे. ताप तो ताप. छाती शेवटपर्यंत स्वच्छ, शिट्टी नाही. अवघ्या राज्यास वाटले की आता पिंप फुटणार, आणि धूरपारखी मोहर तोडावयास विळा घेऊन उभा राहिला. महाराज चितेपाशी उभे होते. त्यांनी पिंपाकडे पाहिले देखील नाही. म्हणाले, "ती माझ्या मोटारीत मागे बसे. त्या टाकीतील तेल आणा." ऐकिले तेवढ्यांनी माना खाली घातल्या, कारण महाराज काय करीत आहेत हे ज्यास कळले नाही ऐसा तेथे कोणी नव्हता. चिता काचेसारखी जळली. चौथ्या दिवशी सकाळी महाराजांनी आपल्या हाताने मोटारीचे मागील दार उघडिले आणि आतून आवाज आला, "आबा, निघायचं का?" महाराज म्हणाले, "निघू हं, बाळे. थोडं थांब." त्या दिवसापासून महाराज मोटारीतच राहू लागले. सदर भरावयाची ती मोटारीच्या दारापाशी, कागदांवर शिक्का व्हावयाचा तो बॉनेटवर, आणि सेवक पुढील जागेवर बसून हुकूम लिही. आम्ही मागे वळून कधी पाहिले नाही. परंतु मागील गादी आवाज करी, आणि दर घटकेस तोच प्रश्न येई, आणि महाराज दर घटकेस तेच उत्तर देत, जराही न कंटाळता.

फाल्गुन लागला, वारा सुटला. मडकी घेतलेली माणसे वाड्यापुढे येऊन बसली. एक दिवस गेला, दोन गेले, सहा गेले. महाराज मोटारीतून उतरेनात. नारोपंत लोकांस म्हणाले, पुढील फाल्गुनात पाहू. तेव्हा सातव्या दिवशी साळूबाई उठली, शिपाई अडवीत असता पुढे आली, मोटारीचे पुढील दार उघडिले आणि आम्हांस म्हणाली, "जरा सरका, भाऊ." आणि आम्ही सरकलो. ती बसली आणि समोर पाहूनच बोलू लागली. "सरकार, वारा सुटलाय." महाराज म्हणाले, "ठाऊक आहे." ती म्हणाली, "तुमी सबूद दिल्ता." महाराज म्हणाले, "पिंप फोडले म्हणजे लोक तिचेही मडके मागतील. ती इथे आहे तोवर आहे, बाई. धूर झाला म्हणजे काही नाही." साळूबाई म्हणाली, "मलाबी आदी तसंच वाटलं हुतं. रोज सकाळी च्या नेऊन ठिवायची त्याच्याम्होरं. च्या निवायचा. म्हनलं, असंना का, दिसतोय तरी. पर तो मला बगत न्हाई, सरकार. तो रस्त्याकडं बगतो. माज्या धन्याला वाट बगायची सवं हाय, घाटात दोन-दोन दिस अडकून पडायचा. ह्या लेकराला कुटली सवं?" इतक्यात मागून आवाज आला, "आबा, ह्या बाईपण येणार आपल्याबरोबर?" साळूबाईने डोळ्यांस पदर लाविला, पण मागे वळली, आणि आम्ही जे कधी केले नाही ते तिने केले, सरळ पाहिले. म्हणाली, "न्हाई गं बाय. तू हो म्होरं. आमी येतो मागनं." महाराजांनी तोंड हातांत घेतले. मग त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढून आम्हांस दिल्या.

आठव्या दिवशी मैदानात पिंप फुटले. एकशे चाळीस मडकी, आणि एकशे एकेचाळिसावे मैनाबाईसाहेबांचे, ते धरून आम्ही उभे. प्रत्येक मडक्यावर तांब्या तांब्या तेल पडले, आणि अग्नी दिला, आणि दीड वर्षांनी त्या राज्यात धूर उठला. काळा, दाट, डिझेलचा घाण वास मारणारा. लोक खोकले, डोळे चुरचुरले, आणि लोक हसू आणि रडू लागले. वाऱ्याने धूर उचलिला, कड्यापाशी वळविला, आणि पलीकडे घातला. आणि त्याच वेळी अवघ्या शहरात जिथे जिथे गाडी उभी होती तिथे तिच्या स्प्रिंगा कुरकुरल्या आणि गाडी बोटभर वर आली, जैसे भरल्या गाडीतून माणसे उतरावी. तुळाजीबाबाने सारा श्वास एकवटून हाक दिली, "गाडी सुटली!" ती हाक कड्यांवरून परत आली. साळूबाई पळत घरी गेली, ट्रकात चढली, गादीवर हात फिरविला. गादी गार होती. मग ती तेथेच बसून मोठ्याने रडली, सव्वा वर्षांत पहिल्यानेच, आणि शेजारणीस सांगू लागली, "सुटला गं माजा, सुटला."

आता एक गोष्ट राहिली, ती आम्हांखेरीज कोणी पाहिली नाही. मैनाबाईसाहेबांचे मडके अग्नीस देण्याआधी महाराजांनी आत हात घातला. बापाने शेवटचा हात लावावा, त्यास कोण काय म्हणेल? हात बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती, आणि ती मूठ रुमालात गेली. हरभऱ्याएवढी राख असेल. मडके आमच्याच हाती होते. तेव्हाच बोलावयास पाहिजे होते. बाप होता, बोलवले नाही. आणि ते न बोलणे आमच्या छातीवर आहे, ते कोणत्या अर्काने जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज लगबगीने मोटारीपाशी आले आणि मागील दार उघडून बसले. बराच वेळ काही नाही. मग आवाज आला, तोच, पण पातळ, "काका, ही गाडी कधी सुटणार?" महाराज म्हणाले, "मैने, मी आबा." आतील आवाज परक्या मोठ्या माणसाशी शहाणी मुले बोलतात तसा बोलला, "बरं. पण गाडी कधी सुटणार?" जे धुराबरोबर जावयाचे ते गेले होते, बापाची ओळख त्यातच गेली, मागे राहिले ते नुसते वाट पाहणे. महाराज तसेच रुमाल घेऊन धावत वाड्यात गेले, पिंप आडवे केले, उभे केले, उपडे केले. वास तेवढा आला. एकशे एकेचाळीस तांबे मोजून घातले होते, आत थेंब नव्हता. मग खिंडीबाहेर स्वार गेले, शेजारील राज्यांत गेले, त्यापुढील राज्यांत गेले. जेथे जावे तेथे व्यापारी आधीच जाऊन आला आहे, हवा स्वच्छ आहे, ॲव्हरेज उत्तम आहे. नऊ महिने जाहाले, एकही स्वार तेल घेऊन परतला नाही.

सारांश, अर्क चांगला, डोंगर रोज दिसतात, दमेकरी बरे आहेत, आणि चितेस आता तूप आणि लाकूड याखेरीज काही लावीत नाहीत, सबब मेलेले नीट जातात. राज्यात दुःख म्हणावे ते एका मोटारीपुरते. ही बखर ज्या वाचणाराच्या गावी जाईल, तेथे एखादी जुनी, काळा धूर ओकणारी, लोकांच्या शिव्या खाणारी गाडी अद्याप असेल, तर तिच्या टाकीतील एक तांब्या तेल त्याने खिंडीच्या नाक्यावर आणून द्यावे. मुलगी सात वर्षांची आहे, आणि बसली आहे तिथे तिचे पाय खाली पोचत नाहीत. बहुत काय लिहिणे.